नणंदेच्या नावाची गिरजाबाई

गिरजाबाई आमच्या कारखान्यात साडेपाच वर्षे कामाला होत्या आणि कारखान्याच्या एकाही कागदावर त्यांचे नाव नाही. हजेरीपट, गेटपास, कामगार विम्याचे कार्ड, दिवाळीच्या मिठाईची यादी, सर्वत्र प्रभावती आहे. प्रभावती ही त्यांची नणंद. कर्मचारी विभागाचा उपव्यवस्थापक या नात्याने ही गोष्ट मला पहिल्या दोन महिन्यांतच कळली होती आणि मी ती कोणालाही कळवली नाही. एरवी मी कळवणाऱ्यांपैकी आहे. आकुर्डीच्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, महापालिका, वीज कंपनी, दोन बँका आणि एक विद्यापीठ यांना मी केलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या घरी जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांतली एकही तक्रार खोटी नाही.

आमचा कारखाना चाकण-तळेगाव रस्त्यावर आहे. तिथे वाहनांचे वायरिंग तयार होते, म्हणजे गाडीच्या अंगभर फिरणाऱ्या तारांचे जुडगे. एका मोठ्या तिरक्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात. प्रत्येक रंगाची तार ठरलेल्या वाटेने न्यायची, वळवायची आणि शेवटी सगळे एकत्र पट्टीने गुंडाळायचे. गिरजाबाई हे काम फळीकडे न पाहता करत. हात तारांवर, डोळे शेजारच्या नव्या मुलीच्या चुकीवर आणि तोंडाने केजकडच्या कुठल्या तरी लग्नातल्या भांडणाची हकिगत, अशी त्यांची पाळी चाले. त्यांच्या ओळीत मुली टिकत. इतर ओळींतल्या मुली दुसऱ्या महिन्यात निघून जात, हे मी आकड्यांनी सिद्ध करू शकतो. पण त्याबद्दल त्यांना कधी शाबासकीचे पत्र दिले गेले नाही. दिले असते तरी ते प्रभावतीच्या नावाने निघाले असते.

मला संशय आला तो त्यांच्या ऐकण्यावरून. लाइन सुपरवायझर गणराज एकदा माझ्यासमोरच वैतागला.

"ओ प्रभाताई! तीनदा हाक मारली. कान तपासून घ्या एकदा."

"कान ठीकंत, भाऊ. नाव जरा ढगळ हाय, अंगावर बसायला येळ लागतोय."

मुली खिदळल्या. गणराजला काही कळले नाही. मी त्यांना दुपारी कार्यालयात बोलावून घेतले आणि खरे नाव विचारले.

"कोन्चं सांगू, साहेब? गेटवरचं का घरचं?"

"घरचं."

"गिरजा." मग गळ्यातला पास चाचपत, "काढनार का मला?"

नवरा ट्रकखाली गेल्यावर गिरजाबाई सतरा वर्षांच्या मुलीला, अंजलीला घेऊन निघोज्यात नणंदेच्या आश्रयाला आल्या होत्या. कंत्राटदार पस्तिशीच्या पुढच्या बाईला घेत नसे. गिरजाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. नणंद एकतीस वर्षांची होती, तिची नोंदणी झालेली होती, आणि तीन महिने काम करून ती पाठदुखीने घरी बसली होती. गेटपासवरचा फोटो इतका काळपट होता की तो कोणत्याही बाईचा वाटावा. नणंदेनेच स्वतःचा पास भावजयीच्या गळ्यात घातला. आमच्या पट्ट्यात अशा बायका किती आहेत हे विचारू नये. मला अंदाज आहे.

मी त्यांना काढले नाही. उलट म्हणालो, "सही तरी एकसारखी करत जा. दर महिन्याला वेगळी होते." आणि कोऱ्या कागदावर त्यांच्याकडून नणंदेच्या नावाची सही वीस वेळा गिरवून घेतली. त्या दिवशी मी घरी गेलो तो एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात. आता त्या समाधानाचीच मला सर्वांत जास्त शरम वाटते.

२०१९च्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. उपचार विम्याच्या कार्डावर झाले, अर्थातच प्रभावती म्हणून. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी त्या डोक्याला रुमाल बांधून कंत्राटदाराकडे कसला तरी कागद घ्यायला आल्या होत्या, तेव्हा कँटीनमध्ये माझ्यासमोर बसल्या.

"डॉक्टरीनबाई लई चांगली हाय," त्या म्हणाल्या. "सगळं इचारती. आईला व्हतं का, मावशीला व्हतं का, बहिनीला व्हतं का."

"मग काय सांगितलंत?"

"न्हाई म्हनलं. काय बी न्हाई."

"आणि खरं काय?"

"खरं म्हंजे माझी आई गाठीनंच गेली. मावशी बी. मावशी तर माझ्यापरास लहान व्हती तवा. पर प्रभाची आई कशी ठणठणीत हाय! अजून दोन घागरी आनती." त्यांनी चहा बशीत ओतला. "नाव प्रभाचं घेतलंय, तर आई बी प्रभाचीच सांगाया पायजे ना, साहेब? न्हाईतर खोटं व्हईल."

मी हसलो. या हसण्याची नोंद इथे करणे मला आवश्यक वाटते. त्यांच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले. ज्या नावावर त्या वावरत होत्या त्या नावाशी त्यांनी बेइमानी केली नव्हती. सासूची प्रकृती त्यांनी आपल्या आईची म्हणून सांगितली होती. आणि त्यामुळे फाइलमध्ये लिहिले गेले: कुटुंबात कर्करोगाचा इतिहास नाही. आजार आईकडून लेकीकडे उतरणारा असू शकतो, रक्ताची जनुक चाचणी करून घ्यावी, असे ज्या ओळीवरून एखाद्या डॉक्टरने सुचवले असते ती ओळच तिथे नव्हती. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला आरोग्याचा एक संपूर्ण पेपर होता. मला एवढेच म्हणायचे होते की बाई, परत जा आणि स्वतःच्या आईचे सांगा. ते मी म्हणालो नाही.

२०२१च्या उन्हाळ्यात आजार हाडांत उतरला. रुग्णालयाने दाखल करून घेतले. तिथे पलंग होता, वेदनाशामक औषध होते, नर्स होत्या. चौथ्या दिवशी गिरजाबाईंनी घरी जायचा हट्ट धरला. मी भेटायला गेलो होतो. प्रभावती पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होती.

"वयनी, गप पडा. हितं सुया तरी लागत्यात. घरी पत्रा तापलाय."

"हितं मेले तर तू मरशील, येडे," गिरजाबाई म्हणाल्या. "कागूद तुझ्या नावाचा निघंल. मग तुझ्या पोरांना रेशन कोन देईल? बँक म्हनंल, बाई तर गेली. साहेब, तुमी सांगा हिला. तुमाला कळतं."

आणि मला कळत होते. त्या म्हणत होत्या ते कागदोपत्री अगदी बरोबर होते. मी प्रभावतीला तसे सांगितले. निघोज्यातल्या पत्र्याच्या खोलीत गिरजाबाई नऊ दिवस होत्या. औषध पुरले ते सहाच दिवस. मृत्यूचा दाखला त्यांच्या खऱ्या नावाने निघाला. कारणाच्या जागी 'नैसर्गिक' असे लिहिले आहे. म्हणजे कागदाप्रमाणे गिरजाबाईंना कर्करोग कधी झालाच नव्हता, आणि प्रभावती कर्करोगातून उठलेली बाई होती.

आता मुद्द्यावर येतो. २०२३च्या नोव्हेंबरात आमच्या कंपनीने एका प्रयोगशाळेच्या साहाय्याने योजना जाहीर केली: ज्या स्त्रियांच्या कुटुंबात हा आजार आनुवंशिक असण्याचा संभव आहे त्यांची जनुक चाचणी मोफत. आजारी बाई हयात असेल तर आधी तिचे जनुक तपासायचे. त्यात दोष सापडला तर तिच्या रक्ताच्या नात्यातल्या बायकांचीही चाचणी मोफत, म्हणजे गाठ होण्याआधीच, ज्यांना धोका आहे त्यांची काळजी घेता येईल. योजना फक्त कायम कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी होती. कंत्राटी बायकांचा समावेश करावा म्हणून समितीत मी तीन बैठका भांडलो. व्यवस्थापनाला बोगस लाभार्थ्यांची भीती होती. ती घालवण्यासाठी मीच एक कलम सुचवले आणि त्याची भाषाही मीच घडवली: 'कंत्राटी कामगारांच्या बाबतीत रुग्णालयाची कागदपत्रे अनिवार्य राहतील.' कायम कर्मचाऱ्यांच्या बाबतीत अर्जदाराचे तोंडी निवेदन ग्राह्य धरले होते. माझी पत्नी सुखदा त्याच आठवड्यात जाऊन आली. मिरजेची मावशी या आजाराने गेली, एवढे तिने समुपदेशक पद्मजा मॅडमना सांगितले. त्यांनी लिहून घेतले, रक्त घेतले, आणि अकराव्या दिवशी निकाल फोनवर आला. मावशी खरोखर होती का हेही कोणी विचारले नाही.

कंत्राटी बायकांची यादी विम्याच्या नोंदींवरून तयार झाली. पत्र प्रभावतीला आले.

रविवारी सकाळी प्रभावती आणि अंजली माझ्या घरी आल्या. अंजली तेव्हा सव्वीस वर्षांची होती; ताथवड्याला एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहत असे.

"साहेब, मला क्यान्सर झालाय म्हनं," प्रभावती चपला काढता काढता म्हणाली. "पत्र आलंय. माझं मलाच म्हाईत न्हाई."

"आत्या, हसू नको ना."

"मग रडू? रडून झालंय दोन वर्सं." तिने पत्र माझ्या हातात दिले. "मला नगं हे काय. हिला द्या. हिची आई, हिची आजी, समदी तशीच गेली. माझ्या जागी हिचं नाव घालता येतंय का बगा."

ते येत नव्हते. अंजलीच्या आईच्या आजाराचा एकही कागद अंजलीकडे नव्हता, आणि कागदाशिवाय दार उघडायचे नाही हे कलम माझे होते.

"सर, जे झालं ते सरळ सांगितलं तर?" अंजलीने विचारले.

"आत्यावर गुन्हा दाखल होईल," मी म्हणालो. "एकीचा विमा दुसरीने वापरला. फसवणूक होते ती." हे खोटे नव्हते. माझी स्वतःचीही चौकशी होईल, हे मी म्हणालो नाही.

मग मी मार्ग काढला. पत्रासोबतच्या अर्जात दोन पर्याय होते: रुग्णाचे ताजे रक्त, किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी काढून रुग्णालयाने मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा. तुकडा मागवायचा तर रुग्णालयाची फाइल उघडावी लागली असती, फोटो आणि सह्या तपासल्या गेल्या असत्या. रक्त सोपे होते. मी रक्तासमोर खूण केली. प्रभावतीने स्वतःचे रक्त द्यावे, फाइल उघडेल, आणि मग भाची म्हणून अंजलीचा नंबर लागेल, असा माझा हिशेब होता. "आत्या-भाची," मी म्हणालो, "रक्त एकाच घरचं आहे."

"हां, ते खरंय," प्रभावती म्हणाली. "आमच्या दादाचीच लेक ती."

आम्हा तिघांत शिकलेला मी होतो. दोष असलाच तर तो गिरजाबाईंच्या आईकडून आलेला असणार, त्या माहेरच्या रक्ताचा प्रभावतीशी काडीचाही संबंध नाही, ही गोष्ट दहावीच्या पुस्तकातली आहे. ती मला त्या क्षणी सुचली नाही, कारण मी रक्ताचा विचार करतच नव्हतो. मी फाइलचा विचार करत होतो.

निकाल आला: दोष आढळला नाही. नातेवाइकांच्या चाचणीची आवश्यकता नाही. मी पद्मजा मॅडमना फोन केला, भाचीची तरी तपासणी करता येईल का म्हणून.

"पेशंटमध्येच नाही तर भाचीत कुठून येणार, सर?" त्या आनंदाने म्हणाल्या. "चांगली बातमी आहे. सांगा त्यांना."

या वेळी, फोन कानाशी असतानाच, मला सगळे लख्ख समजले. मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढचे चौदा महिने मी काय केले? तक्रारी केल्या. समितीकडे, प्रयोगशाळेकडे, कामगार खात्याकडे, आरोग्य विभागाकडे, अशा सात. कंत्राटी स्त्रीकडून कागद मागायचा आणि कायम कर्मचाऱ्याच्या पत्नीचा शब्द प्रमाण मानायचा, हा भेद कसा अन्याय्य आहे. स्थलांतरित बायकांच्या माहेरच्या आजारांची नोंद कुठेच कशी नसते. दोन पगारांहून महाग असलेली चाचणी बाजारातून विकत घ्या असे काउंटरवरच्या मुलीला सांगणे म्हणजे तिला नाही म्हणणेच कसे होते. हे सारे मी मुद्देसूद मांडले. त्यातला प्रत्येक मुद्दा आजही मला मान्य आहे. फक्त एक वाक्य त्या सात पत्रांत नव्हते: की प्रभावती म्हणून ज्या बाईवर उपचार झाले ती गिरजाबाई होती आणि हे मला माहीत आहे.

अंजली महिन्यातून एकदा फोन करी.

"सर, नंबर आला का?"

"पाठपुरावा चालू आहे."

एकदा तिने चाचरत विचारले, की ती पैसे साठवते आहे, बाहेर चाचणी करून घेऊ का. त्या वेळी ती रक्कम मी माझ्या खिशातून देऊ शकलो असतो. मला ते जड गेले नसते. नुसत्या तिच्या रक्तावरून संपूर्ण उत्तर मिळाले नसते हे खरे, पण दोष सापडला असता तर सापडला असता. मी तिला म्हणालो, "हक्काची गोष्ट आहे अंजली, विकत का घ्यायची? आणि उपकार म्हणून तरी का?" ती म्हणाली, "बरोबर आहे सर." महापालिकेच्या दवाखान्यात स्तनांची तपासणी करून येते, असेही ती एकदा बोलली होती. नंबर लागला की सगळे एकदमच होईल, असे मी सांगितले. मी ज्येष्ठ माणूस होतो, तिच्या आईला सांभाळून घेतलेला. तिने ऐकले.

यंदाच्या जानेवारीत तिला स्वतःला गाठ लागली. तेव्हा तिने मला फोन केला नाही. दुकानातून अर्धी रजा घेऊन ती सरळ पद्मजा मॅडमच्या खोलीत गेली आणि आईचे नाव सांगून सगळे बोलून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंजलीबरोबर मला आणि प्रभावतीलाही बोलावले.

"मला आधीच का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारले. त्या माझ्याकडे पाहत होत्या, प्रभावतीकडे नाही.

"कायदेशीर अडचण होती."

"ती नंतरची गोष्ट. मी काय पोलीस आहे? मला फक्त हिची आई कोण एवढं हवं होतं." त्यांनी कागद पुढे ओढला, त्यावर एक वर्तुळ काढले. "अंजली, आईच्या आईचं सांग. किती वर्षांची होती?"

"कागदपत्रं..." मी म्हणालो.

"कसली? तो नियम तुमच्या समितीचा. मी विचारते आणि लिहून घेते. तुमच्या मिसेसच्या वेळी मी कागद मागितला होता का?"

प्रभावती मध्येच म्हणाली, "बाई, त्यो गाठीचा तुकडा हाय का अजून? त्यो आमच्या वयनीचा हाय. कुठं सही करायची ती करते. माझं काय व्हायचं ते हू द्या. पोलिसात नेलं तर तितं बी चपात्या लाटाव्या लागत्यातच की." प्रभावती खानावळीला चपात्या पुरवते. ती स्वतःच्या बोलण्यावर हसली, मग पदराने तोंड झाकून घेतले.

तुकडा होता. पाच वर्षे तो रुग्णालयाच्या कपाटात प्रभावतीच्या नावाने शाबूत पडून होता. आणि मी त्या रविवारी दुसऱ्या चौकटीत खूण केली असती, तर प्रभावतीच्या एका सहीवर तो बाहेर आला असता. सहीची तपासणी वगैरे कोणी करत नाही, असे पद्मजा मॅडमनी सांगितले. गिरजाबाईंच्या तुकड्यात दोष सापडला. अंजलीच्या रक्तात तोच दोष सापडला. दरम्यान तिच्या गाठीचाही निकाल आला होता: कर्करोग, दुसरा टप्पा. चौदा महिन्यांपूर्वी कोणी पाहिले असते तर गाठ होती का, केवढी होती, हे मी अंजलीच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख सांगितली, आणि मी पुन्हा विचारले नाही.

मी माझे निवेदन लेखी दिले आहे. त्यात सही गिरवून घेतल्याचा उल्लेख आहे. चौकशी सुरू आहे. मला कामावरून दूर ठेवले आहे. प्रभावतीला अजून कोणी बोलावलेले नाही. बोलावले तर माझे निवेदन तिच्या उपयोगी पडावे अशा बेताने मी ते लिहिले आहे. एवढी एक गोष्ट मला लिहिता येते. माझ्या निवेदनाची बातमी गेटपर्यंत पोहोचल्यावर कंत्राटाच्या ओळीतल्या चार बायका पद्मजा मॅडमकडे गेल्या आणि आपापली खरी नावे आणि माहेरची दुखणी सांगून आल्या. आता कागद मागितला जात नाही. ते कलम रद्द झाले. ते माझ्या सात तक्रारींनी रद्द झाले नव्हते.

अंजलीची शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. डावा स्तन काढतील. उजव्याचे, आणि याच दोषाचा धोका असलेल्या बीजकोशांचे, काय करायचे ते पुढे ठरेल, आणि तिचे लग्न व्हायचे आहे. मी तिला फोन करून विचारले, येऊ का.

"नको सर," ती शांतपणे म्हणाली. "आत्या आहे माझ्याजवळ."